खेळ तपासणाऱ्याची नोकरी

व्हिडिओ गेम खेळून पगार मिळतो, ही वार्ता आपल्या वसतिगृहातील मुलांपर्यंत केव्हाच पोहोचली आहे. पालकांपर्यंत ती पोहोचली आहे ती धास्तीच्या रूपाने. मुलांच्या मनात या नोकरीचे चित्र म्हणजे दिवसभर मौज आणि महिनाअखेर वेतन; पालकांच्या मनात ते म्हणजे हातातला मोबाइल कधीच खाली न ठेवण्याची पक्की सबब. दोन्ही चित्रे सारखीच चुकीची आहेत. या कामाला ‘गेम टेस्टिंग’ म्हणतात. ते नेमके काय असते, आणि दिघी, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातील एखाद्या मुलाला वा मुलीला ते मिळवायचे असेल तर तयारी कोणती लागते, एवढेच येथे मांडायचे आहे.

पावसाळ्यातील बंदी उठण्याआधी आपल्याकडे होड्या वर ओढलेल्या असतात. त्या पाण्यात लोटण्यापूर्वी जाणता माणूस फळ्यांची एकेक सांध बोटाने चाचपून पाहतो. त्या वेळी तो मासेमारी करीत नसतो. होडी कोठे गळेल याचा शोध घेत असतो. गेम टेस्टर हा असाच तपासनीस होय. एखाद्या खेळातील किल्ल्यात चाळीस खोल्या असतील, तर प्रत्येक खोलीच्या प्रत्येक भिंतीवर तो आपले पात्र आदळून पाहतो: भिंत खरोखर अडवते, की पात्र आरपार निघून पोकळीत कोसळते? खेळ मध्येच बंद केला, फोन वाजला, चार्ज संपला, इंटरनेट तुटले, तर मिळवलेले गुण टिकतात की पुसले जातात? दुसऱ्या दिवशी त्याच खेळाची नवी आवृत्ती हाती येते. तिला ‘बिल्ड’ म्हणतात. कालच्या चाळीसही खोल्या मग पुन्हा तपासाव्या लागतात, कारण एक चूक दुरुस्त करताना प्रोग्रामरच्या हातून दुसरे काही मोडलेले असू शकते. खेळण्याची हौस या कामात पहिल्या महिन्याभरातच संपते. त्यानंतर जो टिकतो तो खरा टेस्टर.

तपासणी ढिली झाली तर काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा मोठा गाजावाजा झालेला खेळ १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला. जुन्या प्लेस्टेशनवर तो इतका अडखळत होता की आठवड्याभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. तो तेथे पुन्हा आला जून २०२१ मध्ये. अर्थात चूक सापडणे निराळे आणि ती सुधारण्यासाठी वेळ मिळणे निराळे. टेस्टरच्या हाती फक्त पहिली गोष्ट असते. खेळ कोणत्या तारखेला विकायचा हे त्याला कोणी विचारीत नाही.

या कामाचा गाभा लेखनात आहे, आणि हेच आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. सापडलेल्या चुकीला ‘बग’ म्हणतात आणि तिची लेखी नोंद ‘बग रिपोर्ट’ होय. समजा, एका खेळात आगरदांड्याहून दिघीला येणाऱ्या फेरीबोटीसारखी एक बोट आहे. नवखा मुलगा लिहील, ‘बोटीतून उतरता येत नाही, गेम खराब आहे.’ हे वाचून प्रोग्रामरला काहीही करता येत नाही. तेच असे लिहिले तर? ‘बोट धक्क्याला टेकण्यापूर्वी उडीचे बटण दाबल्यास पात्र पाण्यात पडते व पोहण्याचे चित्र दिसण्याऐवजी जागीच गोठते. कृती: एक, तिसरा टप्पा सुरू करा, दोन, बोटीत चढा, तीन, धक्का दिसू लागताच उडी मारा. अपेक्षित: पात्र पोहू लागावे. प्रत्यक्ष: पात्र गोठते, खेळ बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. दहापैकी सात वेळा घडते. फोन दोन जीबी रॅमचा. सोबत व्हिडिओ जोडला आहे.’ या नोंदीत तक्रारीचा सूर नाही, विशेषण नाही, अंदाजही नाही. ज्याने ती चूक कधी पाहिली नाही त्याला ती आपल्या टेबलावर पुन्हा घडवून पाहता येते. धम्माचे वर्णन आपण ‘एहिपस्सिको’ असे करतो: ये आणि स्वतः पाहा. चांगला बग रिपोर्ट नेमके हेच सांगतो. ‘मी म्हणतो म्हणून माना’ असे म्हणण्याची सोय त्यात नाही. ‘दहापैकी सात वेळा’ हे लिहिण्यासाठी दहा वेळा तीच उडी मारावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

आपल्या भाषेचे ज्ञानही या क्षेत्रात कामाला येते. परभाषेतील खेळ मराठीत आणला की त्याची भाषिक तपासणी लागते. इंग्रजीत ‘प्ले’ एवढ्या शब्दासाठी केलेल्या बटणात ‘खेळ सुरू करा’ मावत नाही. इंग्रजीत ‘यू वन’ म्हटले की काम भागते. मराठीत ‘तू जिंकलास’ म्हणावे तर खेळणारी मुलगी असेल, ‘जिंकलीस’ म्हणावे तर मुलगा असेल, आणि एका पडद्यावर ‘तू’ व दुसऱ्यावर ‘तुम्ही’ असेल तर सारेच ओबडधोबड वाटते. अक्षरांची गंमत तर त्याहून मोठी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. फरक केवळ र कसा जोडला याचा आहे. फॉन्टमध्ये हा आडवा र नीट बसवलेला नसेल तर खेळातील नावाडी समुद्र सोडून डोंगरात होडी वल्हवू लागेल, आणि आचार्यांना केलेला नमस्कार स्वयंपाकघरातील आचाऱ्यांना पोहोचेल. परदेशातील प्रोग्रामरला ही चूक दिसणार नाही; आपल्या सातवीतील मुलीला दिसेल. केवळ मराठी तपासण्याच्या नोकऱ्या थोड्याच आहेत, परंतु अर्जात मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा लिहिता येतात असे प्रामाणिकपणे सांगता येणे ही जमेची बाजू आहे.

आता नोकऱ्या कोठे आहेत? दिघीत नाहीत. बंदर वाढते आहे, आणि केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या १२ औद्योगिक नगरांत दिघीचे नाव आहे. त्यातून येथे जी कामे येतील ती निराळ्या प्रकारची असतील. खेळांच्या कामासाठी म्हसळा, माणगाव, ताम्हिणी घाट असा रस्ता धरून पुणे गाठावे लागते. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ घेतला. तेथे खेळ घडवण्याबरोबर तपासण्याचेही काम होत आले आहे. २०१८ मध्ये याच कंपनीने मुंबईत दुसरा स्टुडिओ उघडला. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये जगभर नेला आणि पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. महाराष्ट्राबाहेर हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स व बेंगळुरूत रॉकस्टार यांची मोठी कार्यालये आहेत. याशिवाय स्वतः खेळ न बनवता इतरांचे खेळ तपासून देणाऱ्या कंपन्या असतात. नवख्यांना पहिले दार बहुधा तेथेच उघडते, म्हणून अर्ज करताना केवळ प्रसिद्ध नावांच्या मागे लागू नये.

हे पहिले दार अनेकदा कंत्राटाचे असते. काही महिन्यांचा करार, खेळ बाजारात जाण्यापूर्वीच्या आठवड्यांत रात्री उशिरापर्यंत काम, आणि खेळ गेला की करारही संपला, असे घडते. ही अवस्था केवळ आपल्या देशातील नाही. अमेरिकेतील रेव्हन सॉफ्टवेअर येथे डिसेंबर २०२१ मध्ये काही टेस्टरांना कामावरून कमी करण्यात आले, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी काम थांबवले. मे २०२२ मध्ये तेथील टेस्टरांनी १९ विरुद्ध ३ मतांनी आपली संघटना उभी केली. आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते आणि कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्याच खात्याने मांडले होते. काम वातानुकूलित खोलीत खुर्चीवर बसून करायचे असले म्हणून तासांचा हिशेब विचारण्यात संकोच कसला? नेमणुकीचे पत्र, कराराची मुदत, जादा तासांचा मोबदला आणि भविष्यनिर्वाह निधी या चार गोष्टी रुजू होण्यापूर्वी लेखी पाहाव्यात.

तयारीसाठी महागडा संगणक लागतो हा समज मुलांना फार मागे खेचतो. भारतात बहुसंख्य लोक फोनवरच खेळतात, आणि त्यांतले कितीतरी फोन जुने, कमी क्षमतेचे असतात. अशा फोनवर खेळ कसा चालतो हे जाणण्यासाठी तसा फोन वापरणारा माणूसच लागतो. आपल्या घरचा चार वर्षांपूर्वीचा मोबाइल हे येथे न्यून नसून साधन आहे. ‘सुपरटक्सकार्ट’सारखे काही खेळ पूर्णपणे मोफत व मुक्त असतात, ते अँड्रॉइडवर चालतात आणि त्यांच्या चुकांची यादी गिटहब या संकेतस्थळावर सर्वांना खुली असते. आधी महिनाभर इतरांच्या नोंदी वाचाव्यात: कोणती नोंद स्वीकारली गेली, कोणती ‘माहिती अपुरी’ म्हणून परत आली. मग स्वतःची पहिली नोंद करावी. आणखी एक वाट आहे. गुगल प्लेवर नव्याने वैयक्तिक खाते उघडणाऱ्या विकासकाला आपले ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी ठरावीक संख्येच्या परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. २०२३ च्या अखेरीस हा नियम आला तेव्हा ती संख्या २० होती, पुढे ती १२ झाली. एकट्याने खेळ बनवणारे तरुण असे परीक्षक शोधत असतात. पैसे मिळत नाहीत, पण वीस चांगले बग रिपोर्ट लिहून झाले की मुलाखतीत दाखवायला काहीतरी ठोस हाती असते. शंभर खेळ खेळल्याचे सांगण्यापेक्षा त्यांचे वजन अधिक.

पदवी बहुतेक ठिकाणी मागतात. ती संगणकशास्त्राचीच हवी असे सर्वत्र नसते. इंग्रजी मात्र हवेच. घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण लागते ते भाषणाचे इंग्रजी नव्हे. छोटी, सरळ, क्रमवार वाक्ये लिहिता आली म्हणजे पुष्कळ झाले, आणि विज्ञानाच्या वहीत प्रयोगाची कृती नीट लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ती सवय आधीच असते. ‘आयएसटीक्यूबी’ची पायाभूत परीक्षा देता येते: ४० प्रश्न, ६० मिनिटे, उत्तीर्ण होण्यास २६ गुण. तिचा अभ्यासक्रम इंटरनेटवर मोफत आहे. माझ्या मते तो आधी वाचावा आणि शुल्क भरायचे की नाही हे नंतर ठरवावे. मुलाखतीत पुष्कळदा एखादी साधी वस्तू देऊन ‘ही कशी तपासाल?’ असे विचारतात. पेन, लिफ्ट, पाण्याची बाटली. मुलांनी फेरीच्या तिकीटखिडकीवर याचा सराव करावा. सुट्टे पैसे नसतील तर? मोटारसायकलसह तीन माणसे असतील तर? बोट भरली आणि तिकीट मात्र विकले गेले तर? असे तीस प्रश्न ज्याला सुचतात त्याची दृष्टी तयार होत आहे असे समजावे.

पालकांनी दोन बाबतींत कठोर राहावे. नोकरी देण्यासाठी नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क वा अनामत रक्कम मागणारी कंपनी खोटी समजावी. ‘घरबसल्या गेम तपासा, रोज पैसे मिळवा’ असे संदेश टेलिग्राम व व्हॉट्सॲपवर फिरतात; आधी शंभर-दोनशे रुपये खरोखर देतात आणि मग मोठी रक्कम भरायला लावतात. असा प्रकार घडल्यास लाज न बाळगता १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी फोन करावा. उशीर झाला की पैसे अडवणे कठीण होते. दुसरी बाब पैसे लावून खेळायच्या खेळांची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे ऑनलाइन खेळ बंद केले. या लेखातील नोकरीचा त्यांच्याशी संबंध नाही, आणि मुलगा ‘प्रॅक्टिस’च्या नावाखाली तसले काही करीत असेल तर त्याला टेस्टिंगचे नाव देऊ नये.

पुण्यात शिकायला राहण्याचा खर्च हा शेवटचा आणि खरा अडसर आहे. दहावीनंतर पुढील शिक्षणासाठी शहरात गेलेल्या आणि शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. निवास व भोजनासाठीची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येते. गुणांची व उत्पन्नाची अट असते, म्हणून त्या वर्षीचे नियम समाजकल्याण कार्यालयातून समजून घ्यावेत. जातीचा व उत्पन्नाचा दाखला, रहिवास प्रमाणपत्र आणि मुलाच्या स्वतःच्या नावाचे आधारशी जोडलेले बँक खाते ही तयारी दहावीची परीक्षा संपताच सुट्टीत करून ठेवावी. ऐन प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावरची रांग संपत नाही.