उन्हाचं पाणी (भाग ९) : बैल धरून मोजा

या आठवड्यात खारट बोअर आणि आरओ घेणार होतो. ते पुढे ढकलतोय, कारण उजनीच्या पुनर्वसित गावठाणांवरचा भाग वाचून करमाळ्याकडच्या एका वाचकाने लिहिलंय : धरणग्रस्त एकदाच उठले, कारखान्यावरचे ऊसतोडवाले मात्र दरवर्षी उठतात. दिवाळीला येतात, गुढीपाडव्याच्या आसपास परत जातात. त्यांच्या कोप्यांना (झोपड्यांना) सौर पंपाचं पाणी देता येईल का, आणि बॅटरी केवढी लागेल?

बॅटरी लागणारच नाही. दिवसभर पंप चालवून पाणी उंचावर चढवून ठेवलं की रात्री ते आपल्या वजनानेच नळाला येतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या दुहेरी पंप योजनेत हेच आहे. एकाच बोअरमध्ये हातपंपही असतो आणि सौर पॅनेलवरचा पाणबुडी पंपही. शेजारी स्टँडवर ५००० लिटरची टाकी. हातपंप जुना म्हणून उपटून टाकत नाहीत, हा त्या योजनेतला मला सगळ्यात आवडलेला भाग. कंट्रोलर जळाला तरी कळशी भरते.

वाचकाच्या मनात ढगांची धास्ती असणार. पण गाळपाचा हंगाम आणि सोलापूरचं निरभ्र आभाळ नेमके एकाच वेळी येतात. त्यातून थंडीत पॅनेल जास्त चांगलं चालतं. त्याची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि पुढच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के घट येते. एप्रिलच्या उन्हात ६५ अंशांपर्यंत तापलेलं पॅनेल जवळजवळ सहावा हिस्सा गमावून बसतं. दोनशे फुटांवरून ५००० लिटर पाणी वर आणायला, पंपातली घट धरूनही, २ युनिटच्या आसपास वीज लागते. ९०० वॅटची पॅनेलं हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी ३ युनिट सहज देतात. सोलापूर साडेसतरा अंश अक्षांशाच्या जरा वर. वर्षभरासाठी पॅनेल तेवढंच कलतं ठेवतात. फक्त हंगामापुरतं वापरायचं तर ३० अंशांपर्यंत उभं करावं, सूर्य दक्षिणेला कललेला असतो. कारखान्याच्या धुराड्यातून बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काजळी मात्र रोज पडते. ती सकाळी काच थंड असताना पाणी ओतून धुवावी, कोरड्या फडक्याने घासू नये.

खरी अडचण घड्याळाची आहे. पंप चालणार नऊ ते चार. गाडी सेंटरची, म्हणजे बैलगाडीने ऊस आणणारी, माणसं पहाटे तीन-चारलाच गाड्या जुंपून फडावर जातात, ऊस तोडून, मोळ्या बांधून, भरून कारखान्यावर आणतात, काट्यावर नंबर लावतात आणि कोपीवर पोचतात तेव्हा बहुधा अंधार पडलेला असतो. मग बाई हंडा उचलते. म्हणजे पाण्याची सगळी ओढ संध्याकाळी आणि पहाटे, ऊन नसताना. टाकी संध्याकाळी काठोकाठ हवी आणि ती पहाटेपर्यंत पुरायला हवी. पॅनेलची संख्या त्यानंतरचा हिशेब.

आता टाकी केवढी? समजा एका तळावर ५० गाड्या आहेत. नवरा-बायकोचा एक कोयता, बरोबर पोरं, एखादी म्हातारी. १८० माणसं धरू. जगभर निर्वासितांच्या छावण्यांसाठी वापरतात त्या स्फिअर मानकात माणशी दिवसाला किमान १५ लिटर सांगितलंय. झाले २७०० लिटर. ५००० ची टाकी ऐसपैस वाटते. आणि गाडीचे बैल? १०० बैल, प्रत्येकी ३५ लिटर : ३५००. माणसांपेक्षा बैलांचंच पाणी जास्त. टाकी तिथेच अपुरी पडली.

शिवाय ते १५ लिटरही मला पटत नाहीत. भूकंप-पुरानंतर जीव जगवण्यासाठीचा तो आकडा आहे. पाच-सहा महिने राबणारी माणसं आपत्तीत नसतात, ती कामावर असतात. जलजीवन मिशन गावातल्या माणसाला ५५ लिटर धरतं, मग तोच माणूस कोपीत आला की पंधरावर का यावा? ५५ धरले तर माणसांचेच ९९०० लिटर होतात. दोन टाक्या, दुप्पट पॅनेलं, आणि बोअरला तेवढं पाणी आहे का याची आधी चाचणी.

बैलांना टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं पाणी लागत नाही. टाकी भरून वाहिली की ते पाणी पाइपने थेट हौदात सोडावं. दुपारनंतर पंप बैलांसाठीच चालतो. माणसांच्या टाकीत टीसीएल पावडर चांगल्या प्रतीची असेल तर १००० लिटरला ५ ग्रॅम. ती सकाळी रिकाम्या टाकीत टाकू नये. टाकी भरल्यावर, पंप थांबताना, दुपारी चारच्या सुमारास टाकावी, म्हणजे नळ सुटायच्या आत अर्धा तास सहज मिळतो. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेल्या क्लोरीनची तपासणी. शेवटच्या नळाला ०.२ पीपीएम क्लोरीन दिसलं की काम झालं. पावडरीचं पोतं उन्हात पत्र्याखाली ठेवलं असेल तर तिचा जोर गेलेला असतो आणि ५ ग्रॅमचा हिशेबही त्याबरोबर जातो.

हे सगळं कारखान्याच्या तळावर जमतं, कारण गाडी सेंटर हंगामभर तिथेच असतं. ट्रॅक्टरच्या टोळ्यांचं काय? त्या आज एका शिवारात, पंधरवड्याने दुसऱ्या. चाकांवरची पॅनेलं मिळतात, पण बोअरला चाकं नाहीत. अशा टोळ्यांना तळावरच्याच टाकीतून टँकरने पाणी द्यावं; ऊस न्यायला ट्रॅक्टर रोज येतोच, परतताना तो रिकामाच जातो. हे पाणी पोचवणं मुकादमाच्या भरवशावर न सोडता कारखान्याने आपल्या अंगावर घ्यावं, असं माझं मत आहे.

आरओ पुढच्या आठवड्यात. आपल्या बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल कुणाकडे असेल तर टीडीएस आणि नायट्रेटचे आकडे कळवा, उसाच्या पट्ट्यातले विशेष करून.