हातभर गाडी, डोंगरभर खडक

सोलापूरहून तुळजापूरला येताना घाट लागतो, तिथं डोंगराची कूस नीट पाहावी. उभा कडा, वर सपाट पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. बालाघाटाचे डोंगर असे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, कारण ते एका दमात झालेले नाहीत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचा एक लोंढा आला आणि थिजला, मग त्याच्यावर दुसरा आला. प्रत्येक लोंढ्याचं पोट घट्ट आणि काळं, तर माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. घट्ट पोटाचे कडे उभे राहिले आणि माथे झिजून सपाट्या झाल्या.

असल्या कड्याच्या पायथ्याशी पडलेल्या धोंड्यांवरून अर्धा मीटर लांबीची, तीनेक किलोची एक रिमोटची गाडी चढू शकते. तिचं चाक 12 सेंटिमीटर उंच, आणि समोरचा धोंडाही तेवढाच उंच, सरळ उभा. ती वेग घेऊन धडक मारत नाही. टायर दगडाला टेकतो, दबतो, रबर दगडाच्या खाचेत शिरतं आणि गाडीचं नाक हळूहळू वर उचललं जातं. धुरळा उडत नाही, मोटरची बारीक घरघर तेवढी ऐकू येते. हिला रॉक क्रॉलर म्हणतात. रिमोटच्या गाड्यांचं सगळं जग वेगाच्या मागे धावत असताना ही जात हळू चालण्यासाठी जन्माला आली, याचं मला फार नवल वाटतं. हिच्या स्पर्धांतसुद्धा खडकावर रोवलेल्या दोन काठ्यांच्या फाटकातून गाडी काढायची असते. काठीला धक्का लागला की दंडाचे गुण, आणि ज्याचे गुण सगळ्यांत कमी तो जिंकला.

हळूपणा आणायचा कसा? मोटर तर वेगानेच फिरते. साधारण 10,000 फेरे मिनिटाला धरा. वाटेतल्या दातेरी चाकांच्या जोड्या हा वेग चाळीसेक पटींनी उतरवतात, म्हणजे चाकाचे मिनिटाला 250 फेरे. 12 सेंटिमीटरच्या चाकाचा घेर 38 सेंटिमीटरच्या आसपास. गुणाकार केला तर ताशी साडेपाच-पावणेसहा किलोमीटर, माणसाच्या झपझप चालीएवढा, आणि तोही ट्रिगर पूर्ण दाबल्यावर. वेग जेवढ्या पटीने उतरला, जवळजवळ तेवढ्याच पटीने जोर वाढला. मोटर निवडतानाही हाच विचार. आर्मेचरवर, म्हणजे मोटरीच्या फिरत्या गाभ्यावर, तारेचे वेढे किती, त्याला टर्न म्हणतात. 55 टर्नची मोटर 35 टर्नच्या मोटरीपेक्षा संथ, पण रांगण्याच्या वेगात जास्त नेमकी. ट्रिगर सोडला की स्पीड कंट्रोलर मोटरीलाच ब्रेक बनवतो, म्हणून गाडी चढावर मध्येच थबकून उभी राहते आणि चालवणाऱ्याला पुढची वाट ठरवायला सवड मिळते.

आता उलटण्याचा हिशोब. चढावर गाडीच्या वजनाच्या मध्यबिंदूतून खाली सोडलेला ओळंबा मागच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेपलीकडे गेला की गाडी मागे कोलमडते. पुढच्या आणि मागच्या चाकांत 31 सेंटिमीटर अंतर, वजन बरोबर मधोमध आणि मध्यबिंदू जमिनीपासून 10 सेंटिमीटरवर असेल, तर साधारण 57 अंशांच्या चढावर ती उलटेल. तोच बिंदू 7 सेंटिमीटरवर आणला, तर 65-66 अंशांपर्यंत निभावेल. शिवाय साठ टक्के भार पुढच्या चाकांवर सरकवला, तर 69 अंश. तीन सेंटिमीटर खाली आणि तीन सेंटिमीटर पुढे, एवढ्यावर बारा अंशांची कमाई! गाडी स्वतः जुळवणारे लोक म्हणूनच बॅटरी उचलून पुढच्या आसाजवळ बसवतात, बॉडी हलक्या पातळ प्लॅस्टिकची करतात आणि पुढच्या चाकांच्या आत पितळेच्या कड्या घालतात. वजन वाढवायचं, पण खाली, आसाच्या उंचीवर. ही कडी कुठल्याही लेथवर कातून मिळते, हा घरी गाडी बांधणाऱ्याचा मोठा आधार.

शेतकऱ्याला यात नवीन काही नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरतात आणि नाकाला लोखंडी वजनं अडकवतात, ते याच हिशोबाने. पुढचं कोडंही त्याच्या ओळखीचं आहे. काळ्या रानात ट्रॅक्टर रुतला की एक चाक चिखलात गरगरतं आणि दुसरं, कोरड्यात असूनही, ढिम्म राहतं. डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. चिखलातल्या चाकाला फिरायला नगण्य जोर पुरतो, म्हणून कोरड्यातल्यालाही तेवढाच मिळतो. पायाने डिफ लॉक दाबला की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. क्रॉलरचं निम्मं आयुष्य एखादं चाक हवेत लोंबकळत ठेवून जातं, म्हणून तिचे दोन्ही आस बहुधा कायमचे लॉक असतात. किंमत मोजावी लागतेच, गाडी वळायला जड होते. त्यावरचा उपाय मला सगळ्यांत देखणा वाटतो. पुढच्या आसात दात्यांचं प्रमाण थोडं बदलून पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जलद फिरवायची. पुढची ओढतात, मागची अडून राहतात आणि गाडी आखडत्या घेरात वळते.

मात्र खरी जादू टायरात आहे. शाळेत शिकलो की घर्षण वजनावर ठरतं, टेकणाऱ्या क्षेत्रफळावर नाही. त्या नियमाने 45 अंशांचा चढ टिकवायला घर्षणाचा गुणांक 1 लागतो आणि 60 अंशांना सुमारे 1.7. लाकूड-लोखंडाच्या बाबतीत हे स्वप्नच. रबर मात्र पुस्तकी नियम पाळत नाही. ते दगडाच्या बारीक उंचवट्यांना चिकटतं आणि खाचांत शिरून अडकतं, म्हणून जितकं जास्त रबर टेकेल तितकी पकड जास्त. क्रॉलरच्या टायरात त्यासाठी दाबाची हवा नसतेच. आत फोमची कडी असते, बऱ्याचदा दुपदरी. बाहेरचा पदर मऊ, धोंड्याचा आकार घेणारा, आणि आतला टणक, गाडी आडवी असताना कलंडू न देणारा. हवा आतबाहेर जायला रिममध्ये नाहीतर टायरमध्ये बारीक भोक असतं. त्यातून ओढ्यात पाणीही शिरतं, ते वेगळं.

सुरुवातीला पाहिलेल्या धाराशिवच्या डोंगरांशी गाठ पडते ती इथं. लोंढ्याच्या माथ्याचा सच्छिद्र खडक हा मऊ टायरचा स्वर्ग, प्रत्येक भोकात रबराला कडा सापडते. घट्ट बेसाल्टचा ओढ्यात घासून गुळगुळीत झालेला गोटा मात्र दगाबाज. तिथं खाचा नाहीत, नुसत्या चिकटण्यावर भागवावं लागतं, आणि टायरवर धुळीचा पातळ थर बसला तरी तेही जातं. तिसरा मुरूम. तो टायरखालून स्वतःच निसटतो, तिथं रबराचा मऊपणा कामाचा नाही, खोल आणि विरळ नक्षी हवी. एका माळरानावर हे तिन्ही शंभर पावलांत भेटू शकतात, म्हणून सगळीकडे चालणारा टायर शोधत बसण्यात अर्थ नाही. मी नक्षीपेक्षा फोम बदलून पाहण्याच्या पक्षाचा.

गाडी चढायला लागली की एक विचित्र खोड दिसते. जोर दिला की अंग एका कुशीवर पिळवटतं आणि एक चाक हलकं होतं. मोटर मधे, तिथून पुढे-मागे जाणारे लांब शाफ्ट, आणि शाफ्ट फिरताना चासीला उलट्या बाजूला मुरडतो. स्प्रिंग थोड्या कडक केल्या की खोड कमी होते, पण मग चाकं खड्ड्यात उतरत नाहीत. चांगली तोड पोर्टल आसाची. यात चाकाच्या तुंब्याशीच दात्यांची एक जोडी असते. जोर अखेरच्या टप्प्यावर वाढतो, म्हणून लांब शाफ्टवर पीळ कमी येतो. शिवाय आस चाकाच्या मध्याहून वर जातो आणि आसाच्या मधला दात्यांचा गोळा दगडावर अडकत नाही. जर्मनीच्या उनिमॉगने ही रचना दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या वाहनात गाजवली. खेळण्यांच्या बाजारात 2017 च्या ट्रॅक्सस टीआरएक्स-4 या क्रॉलरनंतर तिचा बोलबाला झाला.

चाक टेकलेलं राहिलं पाहिजे, एवढ्या एका अटीसाठी चाललेला हा खटाटोप चंद्रावरही झाला. चांद्रयान-3 चा प्रज्ञान रोव्हर 26 किलोचा, सहा चाकांचा, आणि त्याची चाल सेकंदाला एक सेंटिमीटर. आपल्या क्रॉलरसारख्या स्प्रिंग त्याला नाहीत. एकमेकांना जोडलेल्या दांड्या खालीवर डुलतात आणि सहाही चाकं जमिनीला लागून राहतात. 27 ऑगस्ट 2023 रोजी 3 मीटर पुढे 4 मीटर व्यासाचा खड्डा दिसला, तेव्हा त्याला मागे वळवण्यात आलं. निकोला टेस्लाने 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी होडी चालवून दाखवली, तेव्हापासून दुरून यंत्र चालवण्याची जी वाट सुरू झाली, तिचं चंद्र हे एक टोक. माळावर गाडी फिरवणाऱ्याचं नशीब इतकंच की त्याच्या खड्ड्याशी तो चालत जाऊ शकतो.

कुणाला या खेळात हात घालायचा असेल, तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली म्हणजे ऊन. एप्रिल-मे मध्ये काळा खडक हात ठेववणार नाही इतका तापतो. लिथियम पॉलिमर बॅटरीचा पॅक उन्हात ठेवू नये, एका सेलचा व्होल्टेज 3 व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये आणि फुगलेला पॅक पुन्हा चार्ज करू नये. दुसरी, जागा. नळदुर्गच्या किल्ल्यातलं पाणी महालाचं बांधकाम याच काळ्या दगडाचं, इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातलं, 1613 चं. तिथल्या पायऱ्या आणि तट क्रॉलरसाठी कितीही मोहाचे असले, तरी ते या खेळासाठी नाहीत. येडशीच्या रामलिंगचं रानही अभयारण्य आहे. आपल्या बांधावरचा दगडांचा ढीग किंवा मोकळी मुरुमाची खाण पुष्कळ झाली.

आणि दुकानात गेल्यावर ताकदवान मोटर दाखवतील, तिकडे आधी पाहू नका. पहिले पैसे टायर-फोमवर घाला, दुसरे पुढच्या चाकांतल्या पितळेवर, मग पुढची चाकं वळवणाऱ्या दमदार सर्व्हो मोटरीवर. मोटरचा नंबर शेवटी.