‘सावकारी पाश’: जमीन हातची जाते ती कशी?

१९२५ साल. पडद्यावर देवादिकांचा आणि राजेरजवाड्यांचा बोलबाला होता. त्या वर्षी बाबूराव पेंटरांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून एका कर्जबाजारी शेतकऱ्याला नायक करून पडद्यावर आणलं. तो मूकपट ‘सावकारी पाश’. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. सावकार जमीन बळकावतो, शेतकरी गाव सोडतो आणि शहरातल्या गिरणीत मजूर होतो. अंधारी झोपडी आणि रडणारं कुत्रं हे त्यातलं दृश्य चित्रपट दिग्दर्शक जे. बी. एच. वाडियांच्या वर्षानुवर्षं स्मरणात राहिलं. १९३६ मध्ये पेंटरांनी हीच कथा बोलपटातून पुन्हा सांगितली.

ही कथा परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. सेलू ही कापसाची पेठ. बियाणं आणि खत मृगाआधी लागतं. कापसाचा पैसा हाती येतो दसरा-दिवाळीनंतर. मधले महिने उधारीवर निघतात. बँकेनं पाठ फिरवली की सावकाराचं दार उरतं. गहाणखताऐवजी तो थेट खरेदीखत करून घेतो. ‘पैसे फेड, जमीन परत’ एवढा शब्द तोंडी असतो. एक हंगाम बुडाला की शब्द विरतो, कागद राहतो. मग तपोवन एक्स्प्रेसनं मुंबई गाठायची.

पेंटरांच्या चित्रपटाआधी पन्नास वर्षं सावकारांच्या अशाच कागदांवर शेतकऱ्यांनी हात टाकला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले, सारा मात्र चढाच राहिला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात उठाव झाला आणि लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. जमावाचा रोख होता सावकारांच्या दस्तऐवजांवर. ते हिसकावून जाळले गेले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. कागदावरच्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहार काय होता, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. सेलू तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे तो दिलासा इथवर पोहोचला नाही.

आज २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा सेलूलाही लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. सावकारीच्या व्यवहारात मागच्या १५ वर्षांत जमीन गेली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत ते सिद्ध झालं, तर खरेदीखत रद्द होऊन जमीन परत मिळू शकते. म्हणून पैशाच्या देण्याघेण्याची प्रत्येक चिठ्ठी, बँकेतली प्रत्येक नोंद जपून ठेवावी.

मात्र कायदा धावून येतो तो जमीन गेल्यावर. पाश आवळतो त्याच्या कितीतरी आधी, पेरणीच्या तोंडावर. पीककर्ज मृगाआधी हातात पडलं, तर त्या खरेदीखतावर अंगठा उठवायची वेळच येणार नाही. पेंटरांच्या शेतकऱ्याला जे मिळालं नाही, ते देणं आता आपल्या हातात आहे.