शैक्षणिक कर्जाचा हप्ता कुणाच्या खात्यातून भरताय?


कर्ज मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर, वडील सहकर्जदार, आणि हप्ता मात्र कांद्याच्या पट्टीतून वडीलच भरतात. इथंच करसवलत हातची जाते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे तुम्ही भरलेल्या व्याजाचा तिथं उपयोग नाही. मुलं नोकरीला लागली असतील तर हप्ता त्यांच्याच पगारातून जाऊ द्या.

या सवलतीला 80ई म्हणतात. भरलेलं सगळं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा होतं, कमाल मर्यादा नाही. मुद्दल मात्र धरत नाहीत. व्याज भरायला लागल्यापासून 8 वर्षं मिळते. वर्षाचं व्याज 60,000 आणि कर 20 टक्क्यांनी असेल, तर सेस धरून 12,480 रुपये वाचतात. पाहुण्यांकडून घेतलेले उसने पैसे यात बसत नाहीत.

पण थांबा. ही सवलत फक्त जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत 2025-26 पासून 12.75 लाखांपर्यंतच्या पगाराला करच लागत नाही, मग 80ईच्या मागे कशाला लागायचं? पगार त्याहून जास्त असेल तर दोन्हीकडचा कर काढून बघायला सांगा. आणि बँकेतून वर्षाचा व्याजाचा दाखला घ्या, हप्त्यात व्याज किती ते त्यातच कळतं.