कापूस आधी, साकुरा नंतर

कॉलेजच्या सूचना फलकावरचं ते चित्र आता सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे. मागे फुजी पर्वत, पुढे गुलाबी फुलं, खाली शिष्यवृत्ती, भाषा परीक्षा, वक्तृत्व स्पर्धा आणि शेवटी ‘त्वरा करा’. ती माहिती फलकावरच वाचावी. आम्ही पडलो रे रोडचे. आमच्या भागात इमारतीची दर्शनी बाजू फारशी कुणी पाहत नाही, माल उतरतो ती मागची बाजू पाहतो. जपानी शिकणाऱ्या पोरांच्या मागे फॉर्म, डिंक आणि माइकची वायर घेऊन धावण्यात माझी बरीच वर्षं गेली. तेवढ्यावरून एक सांगतो. जपानचं दार संस्कृतीने क्वचित उघडतं. आधी माल जातो, संस्कृती मागून सावकाश पोहोचते.

ज्यांच्या नावाने आमचा रस्ता ओळखला जातो, ते लॉर्ड रे १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर होते आणि पुढे ब्रिटिश अकॅडमीचे पहिले अध्यक्ष झाले. गृहस्थ विद्येचे. वाट्याला मात्र आले लोखंडी पत्रे, लाकडाच्या वखारी आणि दारूखान्यात मोडीत निघणारी जहाजं. आमचा जपानी वर्गही एका वखारीच्या माळ्यावरच भरायचा. वर ‘आ, इ, उ, ए, ओ’, खाली पत्रा कापण्याचा कर्कश सूर. एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, तुमच्या मुलांचे उच्चार इतके खणखणीत कसे? काय सांगणार? पत्रा थांबेपर्यंत कुणी हळू बोलूच शकत नव्हतं.

भारत-जपान मैत्रीच्या भाषणात बुद्धाचं नाव पहिल्या वाक्यात येतं. मुंबईपुरता खरा आरंभ कापसाच्या गाठींनी झाला. जपानच्या गिरण्यांना इथला कापूस हवा होता आणि वाहतूक ब्रिटिश पी अँड ओ कंपनीच्या मुठीत होती. जमशेटजी टाटा आणि जपानी उद्योगपती शिबुसावा एइइची यांनी ती मूठ सोडवायचं ठरवलं. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी ‘हिरोशिमा मारू’ ही बोट कोबेहून मुंबईकडे निघाली. पी अँड ओने भाडं पार दीड रुपया टनावर आणून ठेवलं. स्वस्ताई पाहून टाटांच्या बाजूचे व्यापारी एकेक करून पलीकडे सरकले आणि टाटांना आपली जहाजं आवरती घ्यावी लागली. जपानी जहाजं तगली, कारण तिथल्या सूतगिरण्यांच्या संघाने आपला माल त्यांच्याशी बांधून दिला होता. (कापूस बाजार तेव्हा कुलाब्याला होता. आमच्या कॉटन ग्रीनला तो नंतर आला, बाकी सगळ्या गोष्टींसारखाच.) शिष्यवृत्तीवर जाणारी पोरं हल्ली दहा हजार येनची नोट मोडून नूडल्स खातात. जुलै २०२४ पासून त्या नोटेवर जे गृहस्थ आहेत ना, ते हेच शिबुसावा.

दुसरा माल टपालाने आला. टोकियोतल्या जपान महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका महर्षी कर्व्यांच्या हाती पडली. त्यांनी ती चाळली आणि बाजूला ठेवली. आपल्याकडे येणाऱ्या माहितीपत्रकांचं आपण काय करतो, ते आठवून बघा. पुढे १९१५ मध्ये सामाजिक परिषदेच्या मुंबई अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका पुन्हा वर आली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. तेच आजचं एसएनडीटी. तिथल्या मुली ‘जपानमध्ये शिकायला काही संधी आहे का?’ असं विचारायला येतात, तेव्हा मला गंमत वाटते. त्यांचं विद्यापीठच एका जपानी पत्रकातून निघालं आहे.

जपानी संस्कृती बघायची म्हटलं की मुलं वरळीच्या निप्पोनझान म्योहोजी मंदिराकडे वळतात. त्याची दर्शनी कथा सुंदर आहे. जपानी बौद्ध भिक्षू फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले, त्यांच्या पंथाचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत गेला आणि १९५६ मध्ये वरळीला हे मंदिर झालं. चहाचा सोहळा आणि किमोनो पाहायला आलेल्या पोरांच्या कानावर पडतो ढोल आणि न संपणारा मंत्रघोष. निम्मी पंधरा मिनिटांत चपला शोधू लागतात. वरळीतच विसाव्या शतकाच्या सुरुवातीची जपानी दफनभूमीही आहे, तिकडे तर सहसा कुणी फिरकत नाही. मुंबईतले सुरुवातीचे जपानी म्हणजे कापसाच्या पेढ्यांवरचे कारकून आणि कामाठीपुऱ्याच्या आसपास आणून सोडलेल्या गरीब बायका. ‘सांस्कृतिक आदानप्रदान’ या सदरात त्यांचं नाव कुणी घालत नाही. आधी पोहोचल्या त्याच होत्या.

आता परीक्षेकडे येऊ. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. मुंबईत रविवार म्हणजे हार्बरचा मेगाब्लॉक आणि डिसेंबर म्हणजे लग्नसराई. एका वर्षी श्रवणाचा भाग सुरू झाला आणि खिडकीखालून वरात निघाली. ध्वनिफीत एकदाच वाजते, पुन्हा मागायची सोय नाही. टोकियोतले तानाकासान स्टेशनवर कुणाला तरी भेटायची वेळ सांगत होते आणि बँडवाला ‘झिंगाट’ वाजवत होता. बाहेर आल्यावर एकूण एक पोराने बँडवाल्याच्या नावाने बोटं मोडली. जानेवारीअखेर निकाल लागला. श्रवणात सगळे सुखरूप होते. जे पडले होते ते व्याकरणात.

या परीक्षेत फुटबॉलसारखी पिवळी आणि लाल कार्डं असतात, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. मोबाइल बंद करून लिफाफ्यात घालायचा. लिफाफ्यातून आवाज आला की लाल कार्ड आणि परीक्षार्थी बाहेर. आमच्या एकाने मेगाब्लॉकची खबर ठेवायला फोन चालू ठेवला होता. गाडी मिळाली, केंद्र मिळालं, जागा मिळाली आणि पेपर ऐन रंगात असताना लिफाफा वाजला. पलीकडून आई विचारत होती, “पोचलास का रे बाबा वेळेवर?”

आणखी एक. एनफाइव्हपासून एनवनपर्यंत पाचही पातळ्यांवर तोंडी परीक्षा नाही. वाचा, ऐका, गोल काळे करा. शिवाय एकूण गुण भरले तरी प्रत्येक विभागात ठरावीक किमान गुण लागतात. एनवन, एनटू, एनथ्रीला साठापैकी १९. त्यामुळे एखादा कांजी अक्षरांचा बादशहा ऐकण्यात एका गुणाने गारद होतो. उलट, प्रमाणपत्रांची चळत घेऊन आलेल्या एका गुणी मुलाला एका जपानी पाहुण्यांनी फक्त “जेवलात का?” एवढं विचारलं. पोरगा खिशात पेन्सिल शोधू लागला.

मुंबई आणि पुणे ही चुरस क्रिकेटमध्ये जुनी, जपानीत जास्त तिखट. पुण्याकडे रानडे इन्स्टिट्यूटमधले वर्ग आहेत, टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची जपानीची पदवी आहे आणि सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली आख्खी बाग आहे. स्पर्धेला आलेली पुण्याची मंडळी त्या बागेचा उल्लेख पहिल्या पाच मिनिटांत करतात. आमची पोरं खाली मान घालून ऐकून घ्यायची. मग एकदा आमच्यातल्या एकीने शांतपणे विचारलं, “बागेला नाव कुणाचं दिलंय?” पु. ल. देशपांडे. ज्यांच्या ‘पूर्वरंग’मुळे मराठी घरांत जपान पहिल्यांदा हसत हसत शिरला, ते पुलं जन्माने गावदेवीचे. त्या दिवशी वडापावचे पैसे पुणेकरांनी दिले.

वक्तृत्व स्पर्धेचं आतलं गणित असं. भाषण सगळेच पाठ करतात आणि विषय निम्म्यांचा ‘माझी आजी’ असतो. खरा निकाल लागतो भाषणानंतरच्या प्रश्नांत. एका मुलीने आजीवर असं काही भाषण केलं की परीक्षकांचे डोळे पाणावले. त्यांनी मायेने विचारलं, आजी आता कशा आहेत? पाठांतरात हे वाक्य नव्हतं. मुलगी गोंधळली आणि हाती लागलं ते क्रियापद वापरून मोकळी झाली. सभागृहाने आजीसाठी हळहळ व्यक्त केली. आजी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

शिष्यवृत्त्यांत सगळ्यांची नजर मेक्स्टवर असते. जपान सरकार ती १९५४ पासून देतं, आणि आपल्याकडचे अर्ज कंबाला हिलवरच्या वाणिज्य दूतावासात जातात. पदवीसाठी महिन्याला साधारण १ लाख १७ हजार येन, संशोधनाला त्याहून जास्त, वर फी माफ. इथे संस्कृतीप्रेमी हमखास अडखळतात. संशोधनाच्या आराखड्यात ते ‘मला लहानपणापासून जपान आवडतो’ हे दीड पानभर लिहितात. मुलाखतीत प्रश्न येतो की हे काम भारतात का होणार नाही? आमच्याकडची एक मुलगी गंजरोधक लेपांवर आराखडा घेऊन गेली. जपानी तिला नमस्कारापुरतं येत होतं, पण बंदरातलं लोखंड कसं सडतं ते ती जन्मापासून पाहत होती. तिचं झालं. तिला सहा महिने जपानी शिकवणारा मित्र मात्र राहिला. त्याचा विषय होता ‘जपानी सौंदर्यदृष्टी’.

याच सरकारची जपानी भाषा-संस्कृतीच्या विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. नाव ऐकून वाटतं, ही तर आपल्याचसाठी. पण अट अशी की आपल्या विद्यापीठात तुमचा मुख्य विषयच जपानी भाषा-संस्कृती हवा. परळचा बीकॉमचा मुलगा संध्याकाळच्या क्लासला जाऊन एनटू झाला, तरी तो त्या रांगेत उभा राहू शकत नाही. पुण्याची बीए जपानीची मुलगी राहते. आमच्या एका हुशार पोराने हे वाचलं, तडकाफडकी पुण्याला प्रवेश घेतला आणि पुढच्या स्पर्धेत आमच्याचविरुद्ध उतरला. बागेबद्दल आता तोही बोलतो.

अर्ज भरताना नावाचा घोळ ठरलेला. पासपोर्टवर वडिलांचं नाव मुलाच्या नावाला चिकटून येतं, बँकेत आद्याक्षर असतं, आधारवर तिसरंच काही. यातला कुठला अवतार खरा, याची प्रतिज्ञापत्रं करत पोरं कोर्टाबाहेर उभी राहतात. जपानी पद्धतीत आडनाव आधी, मग नाव. आमच्या सगळ्या कागदांत त्या क्रमाचा एकच कागद निघाला. ज्या गुणपत्रिकेला आम्ही तीन वर्षं नावं ठेवली, ती मुंबई विद्यापीठाची गुणपत्रिका.

संस्कृतीच्या खात्यात हायकू हवाच. मराठीत तो रुजवला आचार्य अत्र्यांच्या कन्या शिरीष पै यांनी. आम्ही हायकू स्पर्धा ठेवली आणि नियम केला की पाच-सात-पाच अक्षरं, कमीजास्त चालणार नाही. जोडाक्षर एक धरायचं की दोन, यावर परीक्षकांत तासभर जुंपली. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा शिरीषताईंचा संग्रह उघडून बोटांवर मोजू लागला. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मग म्हणाला, “सर, या तर पहिल्याच फेरीत बाद होतायत.”

आता पोटापाण्याचं. आमच्या शेजारी शिवडीहून न्हावा-शेवाकडे निघालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून झाला आणि १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचं उद्घाटन झालं. बुलेट ट्रेनही जपानी कर्जाचीच. अशा कामांवर दुभाषे लागतात. जपानी कादंबऱ्यांवर जीव टाकणारी आमची एक मुलगी अशाच एका कामावर लागली. पहिल्या सकाळी मुकादम, कामगार आणि जपानी अभियंता गोल करून उभे आणि ही मध्ये. तिची पहिली व्यावसायिक अनुवादकृती होती, “हेल्मेटचा पट्टा लावा.” ती हिरमुसली होती. पहिला पगार पाहिल्यावर तिने स्वतःहून बोल्ट, वेल्डिंग आणि क्रेनच्या शब्दांची वही केली. क्लासमध्ये आता कादंबऱ्यांपेक्षा तिच्या त्या वहीच्या झेरॉक्स जास्त फिरतात.

तरीही पालक विचारतातच, “पण याचं पुढे होतं काय?” त्यांना मी योगेंद्र पुराणिकांचं नाव सांगतो. अंबरनाथकडचा मराठी मुलगा जपान सरकारच्या मदतीवर विद्यार्थी म्हणून तिकडे गेला, पुढे नोकरीनिमित्त तिथेच स्थिरावला आणि २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा प्रभागसभेवर निवडून आला. आपल्या भाषेत नगरसेवक. पालकांचा चेहरा इथे जरा पडतो, नगरसेवकाचा अनुभव सगळ्यांनाच असतो. मग मी पुढचं सांगतो. २०२३ मध्ये ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. परवा हे ऐकल्यावर लालबागच्या एका वडिलांनी खिशातून कागद काढला आणि खालच्या आवाजात विचारलं, “मग तिकडे ॲडमिशनला ओळख लागते का हो?”