अर्धशिशीचा त्रास? गोळीआधी ताटाकडे बघा

डोक्याची एक बाजू ठणकते, उजेड सहन होत नाही, मळमळतं. घरातली बाई डोकं ओढणीनं करकचून बांधते, एक गोळी घेते आणि पुन्हा कामाला लागते. ही अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा त्रास सुमारे तिप्पट होतो.

यात मॅग्नेशियम या खनिजाचा संबंध येतो. मेंदूच्या पेशी गरजेपेक्षा जास्त उत्तेजित होऊ नयेत, हे काम ते करतं. मायग्रेनच्या अनेक रुग्णांत ते कमी आढळलं आहे. शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी 1 टक्क्याहूनही कमी रक्तात असतं, बाकीचं हाडं आणि स्नायूंत. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी कमतरता असू शकते.

मग खायचं काय? बाजरी, हरभरे, राजमा, पालक, तीळ, शेंगदाणे, बदाम. बाजरीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 125 मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळतं. मैद्यात त्याच्या जेमतेम पाव भाग, कारण बाकीचं कोंड्याबरोबर निघून जातं. उपाशी राहण्यानंही डोकं उठतं, म्हणून रोजे असताना सहरी चुकवू नका.

मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी काहींचा त्रास कमी होतो, सगळ्यांचा नाही. जुलाबही होऊ शकतात. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नका.

आणि महिन्यातले 15 दिवस वेदनाशामक गोळी लागत असेल, तर त्या गोळीमुळेच डोकं दुखत राहू शकतं. तेव्हा मेडिकलमध्ये नको, डॉक्टरांकडे जा.