तुटीचे कर्ज कोणाच्या खात्यावर?

निवडणूक जवळ आली की आपल्या मोहल्ल्यात दोन प्रकारची भाषणे ऐकायला मिळतात. सत्तेतला उमेदवार म्हणतो, आम्ही एवढे दिले. विरोधातला म्हणतो, यांनी राज्य कर्जात बुडवले, आम्हाला निवडून द्या, आम्ही याच्या दुप्पट देऊ. ही दोन्ही वाक्ये तो एका दमात बोलतो आणि समोर बसलेले आपण दोन्हींना टाळ्या वाजवतो. कर्ज वाईट असेल, तर दुप्पट देणार कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही.

आधी तूट म्हणजे काय ते घरच्या हिशेबाने पाहू. घरात महिन्याला वीस हजार येतात आणि तेवीस हजार जातात. वरचे तीन हजार उसने आणले, ही झाली तूट. पण हे तीन हजार शिलाई मशीनच्या हप्त्यासाठी आणले की किराणा आणि वीजबिलासाठी, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मशीन उद्या चार पैसे मिळवून देईल; किराण्यासाठी काढलेले उसने पुढच्या महिन्यात पुन्हा काढावे लागेल. सरकारच्या हिशेबातही हा फरक असतो. एकूण जितकी उसनवारी, ती राजकोषीय तूट. पगार, पेन्शन, व्याज, अनुदान या रोजच्या खर्चालाही उत्पन्न पुरले नाही, तर ती महसुली तूट. नेत्यांच्या भाषणात या दोन्हींची बहुधा खिचडी केलेली असते.

आता महाराष्ट्राचे आकडे. मार्च २०२५ मध्ये सादर झालेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी आणि महसुली खर्च सुमारे ६ लाख ७ हजार कोटी धरला होता. महसुली तूट जवळपास ४६ हजार कोटी, राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटींच्या वर. राज्यावरचे एकूण कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींपर्यंत जाईल असा अंदाज होता. लोकसंख्या १३ कोटी धरली, तर माणशी सुमारे ७१-७२ हजार रुपये, म्हणजे पाच जणांच्या कुटुंबामागे साडेतीन लाखांहून जास्त. या कर्जाच्या नुसत्या व्याजापोटी वर्षाला ६० हजार कोटींहून अधिक रक्कम जाते.

राज्य दिवाळखोर झाले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. महाराष्ट्राचे कर्ज राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आसपास आहे. पंजाबचे ४० टक्क्यांच्या पुढे गेले आहे. मोठ्या उत्पन्नाच्या घराला मोठे कर्ज पेलते. काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. घेतलेल्या कर्जातला मोठा वाटा रोजच्या खर्चात जातो आहे, आणि हे का होते आहे याचा जबाब द्यायला एकही पक्ष तयार नाही.

ताजे उदाहरण लाडक्या बहिणीचे. २८ जून २०२४ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी ही योजना जाहीर केली. ऑगस्टमध्ये पैसे खात्यावर आले, २० नोव्हेंबरला मतदान झाले. हिशेब अगदी साधा आहे. महिन्याला १५०० म्हणजे वर्षाला १८ हजार. अडीच कोटी महिला धरल्या तर ४५ हजार कोटी. सरकारने तरतूदही ४६ हजार कोटींची सांगितली होती. योजना जाहीर झाली तेव्हा महाविकास आघाडीचे नेते विचारत होते, पैसा आणणार कुठून? प्रश्न रास्त होता. पण निवडणुकीच्या जाहीरनाम्यात त्यांनीच महिन्याला ३००० देण्याचे वचन दिले. त्याच अडीच कोटी महिला धरल्या तर हे ९० हजार कोटी होतात, राज्याच्या महसुली जमेतल्या दर सहा रुपयांपैकी जवळपास एक रुपया. महायुतीचे वचन होते २१०० चे. म्हणजे ६३ हजार कोटी. महायुती जिंकली, पण पुढच्या मार्चच्या अर्थसंकल्पात २१०० आले नाहीत. १५०० च राहिले आणि तरतूद ३६ हजार कोटींवर आली. मग छाननी सुरू झाली. २०२५ च्या जुलैत २६ लाखांवर लाभार्थी अपात्र असल्याचे सरकारनेच सांगितले. चौदा हजारांवर पुरुषांनीही बहिणीचा हप्ता उचलल्याचे उघड झाले. ही छाननी मतदानाच्या आधी का झाली नाही, याचे उत्तर वाचकांना आम्ही सांगायची गरज नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करू. या पंधराशे रुपयांना रेवडी म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. त्यातून कोणाच्या मुलीची शिकवणीची फी भागते, कोणाच्या सासूबाईंचे रक्तदाबाचे औषध येते. आपल्या अनेक भगिनींच्या स्वतःच्या नावावर नियमित पैसा येण्याची ही पहिलीच वेळ असेल. ज्या सरकारांना बड्या कर्जदारांची थकबाकी बँकांच्या वहीतून पुसली जाताना काही वाटत नाही, त्यांनी गरीब बाईच्या हप्त्यावर नाक मुरडू नये. पण म्हणूनच हा पैसा कुठून येतो, हे त्या बाईला कळायला हवे. उधारीवर चालणारी मदत कधी कमी होईल याचा नेम नसतो, आणि कमी होते तेव्हा निवडणूक होऊन गेलेली असते.

महाराष्ट्राला याचा अनुभव जुना आहे. २००४ मध्ये सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने निवडणुकीच्या तोंडावर शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर केली. काँग्रेस-राष्ट्रवादी पुन्हा सत्तेत आली, आणि २००५ मध्ये विलासराव देशमुखांच्या सरकारने ती सवलत मागे घेतली. पक्ष तोच, आघाडी तीच, फक्त मुख्यमंत्री बदलले. त्याआधी युतीच्या काळात, १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि सरकारच्या हमीवर रोखे काढून धरणांसाठी पैसा उभारला गेला. हेतू चांगला होता, पाणी तर हवेच होते. पण महामंडळाच्या नावावर काढलेले कर्ज शेवटी सरकारच्याच गळ्यात येते, हे पुढच्या सरकारांना कळले. कर्जमाफीचेही तसेच. २०१७ ला फडणवीस सरकारची, २०१९ च्या अखेरीस ठाकरे सरकारची. दोन्हींचा बोजा एकाच तिजोरीवर.

दिल्लीत चित्र वेगळे नाही. वाजपेयी सरकारने २००३ मध्ये वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा संमत करून घेतला. तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवर आणायची, असे ठरले. मनमोहन सिंग सरकारच्या काळात २००७-०८ मध्ये ती अडीच टक्क्यांपर्यंत उतरली. लगेच पुढच्या वर्षी शेतकरी कर्जमाफी, सहावा वेतन आयोग आणि जगभरातली मंदी एकत्र आली आणि तूट ६ टक्क्यांवर गेली. २००९ ची निवडणूक काँग्रेसने जिंकली. त्यानंतर कायद्यातली मुदत पुढे पुढे ढकलली गेली, आधी काँग्रेसच्या आणि मग भाजपच्या राज्यातही. कोविडच्या वर्षात तूट ९ टक्क्यांच्या वर गेली. त्या वर्षीच्या कर्जाबद्दल आम्ही कोणाला दोष देणार नाही. लोक घरी बसले असताना सरकारने हात आखडता घेतला असता, तर ते अधिक वाईट झाले असते.

दोष द्यायचा तर लपवालपवीला द्यावा लागेल. तेल रोख्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, गॅस स्वस्त ठेवायचा, पण त्याचे पैसे तिजोरीतून रोख द्यायचे नाहीत. तेल कंपन्यांना रोखे द्यायचे, म्हणजे नंतर फेडण्याची चिठ्ठी. मनमोहन सिंग सरकारने असे सुमारे १ लाख ४० हजार कोटींचे रोखे काढले. त्या वर्षांची तूट त्यामुळे कागदावर कमी दिसली. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या, या रोख्यांच्या ओझ्यामुळे पेट्रोलवरचा कर कमी करता येत नाही. या रोख्यांचे व्याज वर्षाला साधारण १० हजार कोटी होते. पेट्रोल-डिझेलवरच्या केंद्रीय करातून २०२०-२१ या एका वर्षात तीन लाख कोटींहून अधिक जमा झाले होते. शिवाय तेल रोख्यांची वाट वाजपेयी सरकारनेही चोखाळली होती. आणि पुढे मोदी सरकारने अन्न अनुदानाचे पैसे वेळेवर न देता भारतीय अन्न महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज काढायला लावले. गरिबाच्या रेशनचा खर्च असा काही वर्षे मुख्य हिशेबाबाहेर राहिला. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात तो वहीत घेतला, तेव्हा तुटीचा खरा आकार दिसला.

पवित्र कुरआनातली सर्वात लांब आयत सूरह बकरामध्ये आहे आणि ती कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. साक्षीदार कसे असावेत, लिहिणाऱ्याने कसे लिहावे, इतक्या बारकाईने. मोहल्ल्यातल्या बचत गटाच्या बायका शंभर रुपयांच्या उधारीवरही सही घेतात. सरकारांना मात्र लाखो कोटी वहीबाहेर ठेवायची मुभा कशी मिळते, हा प्रश्न आम्हाला छळतो.

मग शेवटी काटकसर कुठे होते? जिथे आवाज कमी तिथे. केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाची तरतूद २०२२-२३ मध्ये ५ हजार २० कोटी होती. पुढच्या वर्षी ती ३ हजार ९७ कोटींवर आली. याच काळात पहिली ते आठवीच्या मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद झाली, संशोधन करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली. सरकारने त्याचे कारण तूट सांगितले नाही. शिक्षण हक्क कायदा आहे, दुसऱ्या योजना आहेत, असे सांगितले. पण जरा ताळा करून पाहा. त्या वर्षी केंद्राची तूट सुमारे १७ लाख ८७ हजार कोटी धरली होती. मंत्रालयातली कपात म्हणजे तुटीच्या हजार रुपयांमागे जेमतेम एक रुपया. तूट त्याने हलली नाही. हलले ते घराचे बजेट, ज्यात त्या शिष्यवृत्तीतून दप्तर आणि वह्या येत होत्या. महाराष्ट्रातही सामाजिक न्याय खात्याचा निधी लाडक्या बहिणीकडे वळवल्याची तक्रार २०२५ मध्ये त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीरपणे केली. केलेल्या कामांची बिले मिळावीत म्हणून त्याच वर्षी ठेकेदार रस्त्यावर उतरले. त्या ठेकेदारांकडे राबणारे गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर यांत आपली माणसे किती, हे वाचक जाणतात.

कायद्याने पक्षांना बांधलेले आहे का? २०१३ मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जाहीरनाम्यातली वचने हा भ्रष्टाचार ठरत नाही, असे सांगितले, पण निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे करायला लावली. त्यानुसार पक्षाने वचन देताना त्यासाठी पैसा कसा उभारणार, हे ढोबळमानाने सांगायला हवे. आचारसंहितेत हे लिहिलेले आहे. महाराष्ट्रातल्या दोन्ही आघाड्यांचे २०२४ चे जाहीरनामे चाळा. २१०० किंवा ३००० च्या पुढे कोणता कर वाढवणार, कोणता खर्च कापणार, याचा उलगडा तुम्हाला होणार नाही.

अर्थसंकल्प मराठीत छापला जातो आणि अर्थ विभागाच्या संकेतस्थळावर तो कोणालाही पाहता येतो. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना मोबाइलवर तो उघडायला सांगा आणि 'महसुली तूट' ही ओळ आधी शोधा. मग जुलै आणि डिसेंबरच्या अधिवेशनांतल्या पुरवणी मागण्या पाहा, कारण अर्ध्या गोष्टी तिथे आत येतात. २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच सरकारने सुमारे ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या. त्यातले २५ हजार कोटी लाडक्या बहिणीसाठी होते.